फिन-फॅन कूलर पहिल्यांदाच डिझाइन करताय? वीज कुठे जाते ते आधी बघा

मे महिन्यातली दुपार, नागपूरजवळची बुटीबोरी एमआयडीसी. मी डिझाइन केलेला पहिला एअर-कूल्ड हीट एक्स्चेंजर (म्हणजेच फिन-फॅन कूलर: पातळ पत्र्या, म्हणजे फिन, लावलेल्या नळ्यांवर पंख्याने हवा मारून आतलं पाणी गार करणारं यंत्र) सुरू होऊन दोन महिने झाले होते. कारखान्यातून फोन आला, ‘साहेब, तुमचा कूलरच तापलाय.’ जाऊन बघतो तर 55 अंशांनी बाहेर पडायला हवं ते पाणी 59 ला बाहेर पडत होतं आणि दोन्ही पंखे पूर्ण वेगात फिरत होते. बाहेरचं तापमान 43, माझं डिझाइन 44 चं. म्हणजे कूलरला काहीच जड जायला नको होतं.

शेवटी पंख्याखाली वाकून थर्मामीटर धरला. 48! तीन फुटांवर शेडची भिंत, भिंतीत कॉम्प्रेसर रूमचा एक्झॉस्ट, आणि आमच्याच कूलरची गरम हवा भिंतीवर आपटून परत खाली येत होती. बंडल (नळ्यांचा जुडगा) बरोबर, पंखा बरोबर, मोटरही बरोबर होती. फक्त आम्ही त्या पंख्याला गरम हवा खायला घालत होतो, आणि तो बिचारा पूर्ण वीज घेऊन ती खात होता.

त्यानंतर बरेच कूलर केले. काही चांगले झाले, काहींची अजून लाज वाटते. नवीन डिझाइनर आणि कूलरची ऑर्डर देणारे प्लांटमधले लोक, दोघांनाही उपयोग व्हावा म्हणून हे लिहितोय. मोटर आयई4 (जास्त कार्यक्षमतेच्या वर्गातली) घेतली, व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावला की कूलर ‘एनर्जी एफिशियंट’ झाला अशी समजूत फार आहे. वीज किती लागणार हे पहिल्या दोन दिवसांत, तुम्ही बंडलची लांबी-रुंदी ठरवता तेव्हाच ठरून जातं. मोटर नंतर येते.

सुरू करण्याआधी हे जमवा

कागद:
- प्रोसेस डेटा शीट: द्रव कोणता, प्रवाह किती, आत-बाहेर तापमान, दाब, किती प्रेशर ड्रॉप (वाटेत दाब किती घटला तर) चालेल
- त्या गावाचा हवामान डेटा. ‘जास्तीत जास्त तापमान’ हा एकच आकडा पुरत नाही, वर्षभराचे तासागणिक आकडे हवेत
- जागेचा नकाशा: आजूबाजूच्या भिंती, शेड, चिमण्या, एक्झॉस्ट आणि उन्हाळ्यातल्या वाऱ्याची दिशा
- पंख्याच्या उत्पादकाचा फॅन कर्व्ह, म्हणजे किती दाबाला किती हवा मिळते त्याचा आलेख (नुसता कॅटलॉग नको)
- ग्राहकाला लागू असलेलं मानक. तेल-रसायन क्षेत्रात एपीआय 661 (एअर कूलरचं मानक), हेडरसाठी (नळ्यांच्या टोकांची पेटी) बहुधा एएसएमई सेक्शन 8 (दाबपात्रांचं मानक)

साधनं: हवेचा वेग मोजायला व्हेन ॲनिमोमीटर, दोन-तीन चांगले थर्मामीटर, पॉवर ॲनलायझर, पात्याचा कोन मोजायला डिजिटल इन्क्लिनोमीटर, फट मोजायला फीलर गेज आणि अगरबत्तीचा पुडा. अगरबत्ती मी गंमत म्हणून लिहिलेली नाही, पुढे कळेल.

एचटीआरआयसारखं हीट एक्स्चेंजर डिझाइनचं सॉफ्टवेअर असेल तर उत्तमच. पण पहिला हिशोब एक्सेलमध्ये हाताने करा. हाताचा हिशोब नसेल तर सॉफ्टवेअरचं उत्तर चुकलंय की बरोबर आहे, हे कळायला मार्गच राहत नाही.

पायरी 1: हवेने काम होणार आहे का?

कूलिंग टॉवर वेट-बल्बवर (ओलं कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरचं तापमान) चालतो, एअर कूलर ड्राय-बल्बवर (साध्या थर्मामीटरचं तापमान). विदर्भात मेच्या दुपारी ड्राय-बल्ब 44 असतो तेव्हा वेट-बल्ब 24-25 च्या आसपास असतो, म्हणून टॉवर 30 अंशांचं पाणी सहज देतो. कोरडा एअर कूलर मात्र 44 च्या खाली कधीच जाणार नाही, आणि परवडणाऱ्या आकारात बसवायचा तर हवेच्या तापमानापेक्षा निदान 8-10 अंश वरच थांबावं लागतं.

त्यामुळे ग्राहकाला 35 अंशांचं पाणी हवं असेल तर नागपूर-चंद्रपूरकडे नुसत्या हवेचं नाव काढू नका. 55 चालत असेल तर जरूर काढा. आणि ‘35 च का हवंय?’ हे एकदा तरी विचारा. कितीतरी वेळा उत्तर येतं, ‘आधी टॉवर होता, तो 32 देत होता म्हणून.’ मशीनचं मॅन्युअल उघडलं की 50 चालतं असं लिहिलेलं सापडतं. या एका प्रश्नाने जेवढी वीज वाचते तेवढी खालच्या कुठल्याही पायरीने वाचत नाही.

हवेच्या बाजूने मोठा मुद्दा पाण्याचा. टॉवरला सतत मेकअप पाणी (उडून गेलेल्याच्या जागी नवं) लागतं, ब्लोडाउनची (काढून टाकलेल्या क्षारयुक्त पाण्याची) विल्हेवाट लावावी लागते, केमिकल डोसिंग आलं. मराठवाडा-विदर्भातल्या ज्या एमआयडीसीत उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात, तिथे हा हिशोब झटकन फिरतो.

पायरी 2: डिझाइनचं तापमान ठरवा, भीतीने नाही

घाबरलेला माणूस आतापर्यंतचं विक्रमी तापमान धरतो. 47-48 धरून केलेला कूलर वर्षातल्या एखाद-दुसऱ्या दुपारसाठी बांधलेला असतो. उलट बाजूने, टेंडर जिंकायच्या नादात 40 धरणारेही आहेत.

हवामान डेटात 0.4, 1 आणि 2 टक्के अशी तापमानं दिलेली असतात. वर्षाचे 8760 तास. 1 टक्क्याचं तापमान म्हणजे वर्षातले साधारण 88 तासच त्यापेक्षा गरम असतात, 0.4 टक्क्याचं म्हणजे 35 तास. थोडं गरम पाणी चालणारी प्रोसेस असेल तर 1 टक्का पुरतो. अजिबात चालत नसेल तर 0.4 घ्या. त्यावर जागेचा भार टाका. काळ्या डांबरी गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडवर बसवणार असाल तर 2-3 अंश जास्तीचे धरतो मी. माझ्या पहिल्या कूलरला हे धरलं असतं तरी तो वाचला नसता, तिथे भिंतच चुकीची होती. त्याबद्दल पायरी 7 मध्ये.

एक अंश म्हणजे किती, याचा अंदाज असू द्या. गरम पाणी 65 ने येतंय, हवा 44 ची, फरक 21. हवा एका अंशाने तापली की क्षमता साधारण पाच टक्क्यांनी घटते. चार अंशांनी तापली तर 19 टक्के. क्षमता घटली तरी उष्णता तेवढीच येत राहते, मग पाणीच चार अंश चढतं. बुटीबोरीला नेमकं हेच झालं होतं.

पायरी 3: हाताचा हिशोब

उदाहरण घेऊ: 500 किलोवॉट उष्णता, बंद सर्किटचं पाणी 65 वरून 55 वर आणायचंय, हवा 44, ठिकाण नागपूर परिसर.

1. पाण्याचा प्रवाह: 500 भागिले 4.18 भागिले 10, म्हणजे सेकंदाला सुमारे 12 किलो.
2. हवा 10 अंशांनी तापू द्यायची (44 वरून 54). हवेची विशिष्ट उष्णता 1.007. म्हणजे सेकंदाला सुमारे 50 किलो हवा.
3. हवेची घनता. इथे नवखा माणूस हमखास पुस्तकातली 1.2 घेतो. ती समुद्रसपाटीला, 20 अंशांना. नागपूर साधारण 310 मीटर उंचीवर आहे, त्यात 44-45 अंश. घनता 1.07 च्या आसपास येते. म्हणून सेकंदाला 46 घनमीटर हवा लागेल. 1.2 धरलीत तर पंखा दहा टक्क्यांहून लहान निवडाल आणि उन्हाळ्यात शिव्या खाल.
4. लॉग मीन तापमान फरक (पाणी आणि हवा यांच्यातला सरासरी फरक): दोन्ही टोकांना 11, म्हणून 11. हवा नळ्यांना आडवी जाते, म्हणून क्रॉस-फ्लोचा गुणक लावून 10.4.
5. पाण्यासाठी, उघड्या नळीच्या क्षेत्रफळावर उष्णता-वहन गुणांक 650 धरू (वॉट प्रति चौरस मीटर प्रति अंश). क्षेत्रफळ सुमारे 74 चौरस मीटर.
6. बंडलच्या तोंडाशी हवेचा वेग 2.8 मीटर प्रति सेकंद धरला तर दर्शनी क्षेत्रफळ 16.6 चौरस मीटर. 6 मीटर लांब नळ्या, 2.77 मीटर रुंदी.
7. एक इंची नळी, 63.5 मिलिमीटर पिच (शेजारच्या दोन नळ्यांच्या मध्यांतलं अंतर), एका ओळीत 43 नळ्या. एका ओळीचं क्षेत्रफळ 20.6. चार ओळी घेतल्या तर 82, म्हणजे दहा-अकरा टक्के जास्तीचं.

चार पास केले (पाणी बंडलमधून चार वेळा इकडून तिकडे फिरवलं) की नळीतला वेग 0.8 मीटर प्रति सेकंद. थोडा कमी आहे, पण स्वच्छ बंद सर्किटला चालतो.

झालं डिझाइन? कूलर चालेल, हो. बहुतेक कोटेशनं इथेच थांबतात. विजेचा विचार आपण अजून सुरूच केलेला नाही.

पायरी 4: तोंड मोठं करा

पंख्याला लागणारी शक्ती म्हणजे हवेचा प्रवाह गुणिले दाब, भागिले कार्यक्षमता. प्रवाह उष्णतेने ठरवला, तो तुमच्या हातात फारसा नाही. कार्यक्षमता पंखेवाल्याच्या हातात. दाब मात्र पूर्ण तुमच्या हातात आहे, आणि बंडलमधला दाब वेगाच्या साधारण 1.75 घाताने वाढतो.

वरच्या बंडलला 2.8 च्या वेगाने अंदाजे 110 पास्कल स्थिर दाब लागतो. 2.1 मीटर व्यासाचे दोन पंखे घेतले तर पंख्यातून जाणाऱ्या हवेचा गतिदाब 24 पास्कल. एकूण 134-135. कार्यक्षमता 65 टक्के धरली तर शाफ्टवर 9.6 किलोवॉट. बेल्ट आणि मोटरचा तोटा धरून मीटरवर 11.2.

आता तीच उष्णता, तीच हवा, पण रुंदी 2.77 ऐवजी 3.6 मीटर करा. दर्शनी क्षेत्रफळ 21.6, वेग 2.15. स्थिर दाब 69 पास्कलवर येतो. रुंद बंडलखाली 2.4 मीटरचे पंखे बसतात, त्यांचा गतिदाब 14. एकूण 83. शाफ्टवर 5.9 किलोवॉट, मीटरवर 6.9.

फरक 4.3 किलोवॉटचा. वर्षाला 8000 तास, युनिटला 8 रुपये धरले तर पावणेतीन लाख रुपये. व्हीएफडी असेल तर दोन्ही कूलर थंडीत हळू फिरतील, म्हणून बचत एवढी राहणार नाही. निम्मी धरा, तरी जास्तीच्या नळ्यांचा खर्च काही वर्षांत फिटतो आणि कूलर वीस वर्षं उभा राहतो.

खरेदी विभागाला हे पटत नाही, कारण त्यांच्यासमोर फक्त कोटेशनचा आकडा असतो. मी आता प्रत्येक कोटेशनला दोन पर्याय जोडतो, ‘स्वस्त’ आणि ‘रुंद’, आणि खाली पाच वर्षांचं वीजबिल लिहितो. निर्णय त्यांचा. आकडा मात्र त्यांच्या डोळ्यांसमोर असतो.

इथले सापळे:

- वेग कमी झाला की हवेच्या बाजूचा गुणांकही घसरतो. 650 ऐवजी 570 च्या आसपास धरा, म्हणजे 84 चौरस मीटर लागतील. रुंद बंडलच्या चार ओळी 107 देतात, तेव्हा प्रश्न नाही. ‘रुंद केलंय ना, मग तीन ओळी बस’ म्हणाल तर 80 च मिळतील, अडकाल.
- बंडल रुंद केलं की एका पासमध्ये नळ्या वाढतात. 56 नळ्यांचे चार पास ठेवले तर पाण्याचा वेग 0.6 वर येतो. पासची रचना पुन्हा मांडा. हवेचा दाब वाचवून पंपाचा दाब वाढवू नका आणि नळीत गाळही बसू देऊ नका.
- अति करू नका. 1.5 च्या खाली वेग गेला की बाहेरचा वारा तुमच्या पंख्याशी भांडू लागतो आणि हवा सगळीकडे सारखी जात नाही.

पायरी 5: नळी आणि फिन

फिन हवेच्या बाजूला का? कारण हवा उष्णता घ्यायला आळशी. पाण्याचा गुणांक काही हजारांत, हवेचा पन्नासच्या आसपास. म्हणून हवेच्या बाजूचं क्षेत्रफळ वीसपट वाढवायचं. एक इंची नळीवर पाच अष्टमांश इंच उंचीच्या, इंचाला दहा फिन लावल्या की क्षेत्रफळ उघड्या नळीच्या 21 पट होतं.

फिनचे प्रकार थोडक्यात: ॲल्युमिनियमची पट्टी ताणून गुंडाळलेली एल-फिन स्वस्त, पण 120-130 अंशांच्या वर पट्टी सैल पडते. नळीत खाच पाडून बसवलेली जी-फिन जास्त तापमान सोसते, मात्र खाच उघडी राहते, गंजाला वाट मिळते. एक्स्ट्रूडेड फिन महाग, पण नळी पूर्ण ॲल्युमिनियमने झाकली जाते. तारापूर, लोटे, गोव्याचा किनारा, जिथे खारा वारा आहे तिथे मी दुसरं काही सुचवतच नाही.

आता इंचाला किती फिन? कागदावर 11 चांगल्या दिसतात. पण एकदा एप्रिलमध्ये विदर्भातल्या जिनिंगजवळच्या कारखान्यात जाऊन बंडलखाली उभे राहा. वरून ऊन दिसायला हवं तिथे राखाडी गोधडी दिसते. कापसाचे तंतू, त्यावर तेलाची वाफ, त्यावर धूळ. त्यात जवळ सावरीचं झाड असेल तर बघायलाच नको. अशा ठिकाणी इंचाला 8 फिन घ्या, एक ओळ वाढवा. पहिल्या दिवशी थोडं कमी देणारं बंडल सहा महिन्यांनी जास्त देतं.

तेल गार करायचं असेल तर गणितच वेगळं. तेल नळीत लॅमिनार (न घुसळता, थराथराने) वाहतं, आतला गुणांक शे-दोनशेवर येतो आणि बाहेर कितीही फिन लावल्या तरी फारसं काही होत नाही. तिथे नळीत टर्ब्युलेटर (तेल घुसळणारी पट्टी किंवा तार) घाला, मग हवेकडे वळा.

आणि ग्लायकॉल! युरोपातल्या मशीनबरोबर येणाऱ्या कागदात ‘35 टक्के ग्लायकॉल’ असं लिहिलेलं असतं, ते आपल्याकडे जसंच्या तसं उतरतं. तिकडे पाणी गोठतं. चाकणला नाही गोठत. ग्लायकॉलने उष्णता-वहन घटतं, पंपाचा भार वाढतो. गंजरोधक घातलेलं मऊ पाणी पुरतं, मशीनवाल्याकडून तेवढं लेखी घ्या.

पायरी 6: पंखा, रिंग आणि अगरबत्ती

एपीआय 661 मधले तीन नियम, तुमच्यावर ते मानक बंधनकारक नसलं तरी पाळा:

- पंख्यांचं एकूण क्षेत्रफळ बंडलच्या दर्शनी क्षेत्रफळाच्या 40 टक्क्यांपेक्षा कमी नको. (आपल्या रुंद पर्यायात 42 येतं.)
- पंख्याभोवतीच्या रिंगपासून बंडलपर्यंत हवा पसरण्याचा कोन 45 अंशांच्या आत हवा. प्लेनम (पंखा आणि बंडल यांच्यामधली पत्र्याची पेटी) बुटका केला की पत्रा वाचतो, पण कोपऱ्यातल्या नळ्या उपाशी राहतात.
- पात्याचं टोक आणि रिंग यांच्यातली फट व्यासाच्या अर्ध्या टक्क्याच्या आत. 2.4 मीटरच्या पंख्याला म्हणजे 12 मिलिमीटर.

या तिसऱ्या नियमावर मला जास्त बोलायचंय, कारण ड्रॉइंगवर 12 मिलिमीटर सगळेच दाखवतात. रिंग पत्र्याची, ती ट्रकमधून येते, क्रेनने उचलताना चेपते, आणि साइटवर एका बाजूला 5 आणि समोर 30 मिलिमीटर फट मिळते. पातं घासायला लागलं की फिटर काय करतो? पातं कापतो! हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पंखा चालू असताना जाळीच्या बाहेरून, लांब काडीला बांधलेली पेटती अगरबत्ती रिंगच्या कडेजवळ धरा. धूर सरळ आत ओढला गेला तर ठीक. जिथे फट मोठी असते तिथे धूर थबकतो आणि उलटा तुमच्या तोंडाकडे येतो. दाब देऊन वर ढकललेली हवा त्या फटीतून खाली पळतेय, तिचे पैसे तुम्ही दोनदा भरताय. खडूने खूण करा, पंखा बंद करून लॉक-आउट (कोणी चुकून चालू करू नये म्हणून कुलूप) लावा, मग फट मोजा. अंगावर सैल कपडे, ओढणी, गळ्यात आयकार्ड नको. आणि जवळ ज्वालाग्राही वाफ असेल अशा प्लांटमध्ये अगरबत्तीचं नावही काढू नका, तिथे रिबन बांधा.

रिंगच्या तोंडाशी बेलमाउथ, म्हणजे गोलाकार वळलेली कड, जरूर घ्या. खर्च किरकोळ, हवा न आपटता आत शिरते. हबभोवती सील डिस्कही मागा, मधल्या भोकातूनही हवा परत येते.

पात्यांचा कोन सगळ्यांचा सारखा हवा. हवा कमी पडतेय म्हणून कोन वाढवत सुटू नका. एका मर्यादेनंतर पंखा स्टॉल होतो (हवा पात्यांना धरून वाहत नाही), अँपिअर चढतात आणि हवा उलट कमी होते. फॅन कर्व्हवर तुमचा बिंदू कुठे आहे ते बघूनच पान्याला हात घाला.

आवाजाचाही विचार याच वेळी. औद्योगिक क्षेत्रात मर्यादा दिवसा 75 आणि रात्री 70 डेसिबल आहे, आणि आवाज ठरतो पात्याच्या टोकाच्या वेगावर. मोठा पंखा हळू फिरवला की वीज आणि आवाज दोन्ही उतरतात.

पायरी 7: हवेला दार ठेवा

पंखा बंडलच्या खाली असेल तर फोर्स्ड, वर असेल तर इंड्यूस्ड. फोर्स्डमध्ये पंखा थंड, जड हवा हाताळतो, म्हणून शक्ती थोडी कमी लागते आणि मोटर-बेल्ट हाताशी राहतात. पण गरम हवा वरून सावकाश बाहेर पडते आणि वाऱ्याने परत खाली ओढली जाऊ शकते. इंड्यूस्ड तीच हवा जोरात वर फेकतो, बंडलवर ती सारखी पसरते, ऊन-गारांपासूनही थोडं रक्षण होतं, मात्र बेअरिंग गरम हवेत. मोकळी जागा असेल तर मी फोर्स्ड घेतो. दाटीवाटीच्या गच्चीवर इंड्यूस्ड.

जागेसाठी माझा साधा नियम: हवा आत येण्याच्या वाटेचं क्षेत्रफळ बंडलच्या दर्शनी क्षेत्रफळापेक्षा कमी नको. 6 बाय 2.77 च्या बंडलचा घेर साडेसतरा मीटर. चारही बाजू मोकळ्या असतील तर रिंगच्या खाली एक मीटर उंची पुरते. एक लांब बाजू भिंतीला लागली की घेर साडेअकरा, उंची दीड मीटर हवी. बुटीबोरीला आम्ही शेवटी कूलर सव्वा मीटर उचलला, एक्झॉस्टचं तोंड डक्ट लावून वळवलं आणि बंडलच्या कडेने पत्र्याचा उभा आडोसा लावला. पंख्याखालचं तापमान 44 वर आलं. मोटर तीच, पंखा तोच.

पायरी 8: मोटर आणि व्हीएफडी

पंख्याची शक्ती वेगाच्या घनाने बदलते. 80 टक्के वेगाला 51 टक्के शक्ती, 60 टक्के वेगाला 22. मेमध्ये 44 असलेलं नागपूर डिसेंबरच्या पहाटे 12 वर येतं, म्हणजे वर्षातला बराच काळ पूर्ण वेगाची गरजच नसते. व्हीएफडीचे पैसे इथे फिटतात.

दोन पंखे असतील तर दोघांना एकाच वेगाने चालवा. अर्धी हवा हवी म्हणून एक बंद, एक पूर्ण असं केलंत तर एका पंख्याची पूर्ण शक्ती लागते. दोन्ही अर्ध्या वेगाने फिरवले तर त्याच्या चौथा हिस्साच. शिवाय प्लेनम सामायिक असेल तर बंद पंख्याच्या तोंडातून हवा उलटी बाहेर पडते.

पटकन तपासायच्या गोष्टी: मोटरच्या नेमप्लेटवर सभोवतालचं तापमान किती लिहिलंय? बऱ्याच मोटरींवर 40 असतं. विदर्भात 50 ची मागा, नाहीतर डीरेटिंग (मोटरची क्षमता कमी) धरा. व्हीएफडीचं पॅनल सावलीत हवं. आणि पाणी 55 ऐवजी 45 वर आलं तर प्रोसेसला काही फायदा आहे का? नसेल तर सेट पॉइंट 55 वरच ठेवा. ऑपरेटर ‘जरा गार असू दे’ म्हणून तो खाली आणतो आणि जानेवारीतसुद्धा पंखे बोंबलत राहतात.

पायरी 9: ताटी लावायची का?

विदर्भातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. घरच्या कूलरला जशी वाळ्याची ताटी, तशी कूलरच्या हवेच्या वाटेत ओले पॅड. 44 ची कोरडी हवा, वेट-बल्ब 24, पॅडची कार्यक्षमता 70 टक्के धरली तर आत जाणारी हवा 30 ची होते. आपल्या उदाहरणाला तासाला साधारण हजार लिटर पाणी बाष्पीभवनात जाईल, पण तेही फक्त कडक दुपारी. कोकणात मात्र हवा आधीच दमट, तिथे पॅडवर पैसे घालवू नका.

दोन चुका टाळा. एक, बोअरचं जड पाणी थेट फिनवर फवारू नका. दोन उन्हाळ्यांत पांढरा थर बसतो आणि तो निघत नाही. पॅड बंडलपासून लांब, थेंब फिनपर्यंत पोचता कामा नये. दोन, पॅड कायमचे ठोकून बसवू नका. कोरडे असले तरी ते हवा अडवतात, आणि तो दाब वर्षभर भरावा लागतो. चौकटी बिजागरीच्या किंवा सरकत्या घ्या.

पायरी 10: घेताना मोजा, नंतर धुवा

साइटवर तीन आकडे एकाच वेळी घ्या: पाण्याच्या बाजूने उष्णता, हवेच्या बाजूने उष्णता, आणि वीज. पहिले दोन दहा टक्क्यांच्या आत जुळले नाहीत तर मोजण्यातच काहीतरी चुकलंय. हवेचा वेग एका जागी मोजून भागत नाही. बंडलचे निदान वीस चौकोन पाडा आणि प्रत्येकात मोजा.

हवेचं तापमान पंख्याच्या तोंडाशी घ्या, गेटवरच्या सिक्युरिटी केबिनबाहेर नाही. इन्फ्रारेड गन चकचकीत ॲल्युमिनियमवर धरली तर खोटं बोलते. काळी टेप चिकटवा आणि तिच्यावर धरा. क्लॅम्प मीटरच्या अँपिअरवरून किलोवॉट काढू नका. मोटर कमी भारावर असली की पॉवर फॅक्टर घसरतो आणि तुमचा हिशोब फसतो.

धुताना साधं नळाचं पाणी, कमी दाबाने, हवेच्या उलट दिशेने. कार वॉशचा जेट आणला की फिना आडव्या होतात, मग कंगवा घेऊन बसा. धुण्याच्या आधी आणि नंतर, त्याच व्हीएफडी वेगाला, बंडलच्या आरपार दाब मोजून वहीत लिहा. दोन वेळा लिहिलं की तुमच्या प्लांटला किती महिन्यांनी धुवावं लागतं ते आपोआप कळतं. आमच्या बुटीबोरीच्या कूलरला दर सात आठवड्यांनी लागतं, आणि पॅडच्या चौकटी जूनच्या शेवटी काढून स्टोअरमध्ये ठेवल्या की मार्चपर्यंत त्यांचं तोंड बघावं लागत नाही.